तिकीट कुठे तोडावे, मुक्काम कुठे करावा

वाचकाचे पत्र : मी देवगड तालुक्यातला ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. शाळेत इतिहास शिकवत असे. मुलगा लंडनजवळ रेडिंगला आणि मुलगी बॉस्टनला असते. यंदा गणपती झाल्यावर निघावे, दोघांकडे राहावे आणि कलमे मोहोरायच्या सुमारास घरी परतावे, असा आम्हा उभयतांचा विचार आहे. कणकवलीच्या एजंटाने मुंबई–लंडन, लंडन–बॉस्टन आणि बॉस्टनहून आखातामार्गे मुंबई असे एकच तिकीट सुचवले आहे. भाचा म्हणतो की ते महाग पडते आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे एकेरी तिकीट काढावे. लंडन–न्यूयॉर्क फार स्वस्त मिळते आणि येताना आइसलँडला फुकट थांबता येते. त्याच्या आखणीत परतीच्या दिवशी सकाळी गॅटविकला उतरून दुपारी हीथ्रोहून मुंबईचे विमान पकडायचे आहे. आम्ही दोघेही चालती-फिरती माणसे आहोत. पैसे वाचावेत आणि वाटेतले एखादे ठिकाण नीट पाहून व्हावे, एवढीच इच्छा आहे. काय करावे?

सप्रेम नमस्कार, गुरुजी.

भाच्याचे म्हणणे हिशेबापुरते खरे आहे आणि एजंटाचे जोखमीपुरते. तुमचा निर्णय मात्र वेगळ्याच प्रश्नावर ठरेल, आणि तो म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासाचे तिकीट नेमके कुठे तोडावे. माझे मत असे की जिथे तुमचे अंथरूण घातलेले आहे तिथे, म्हणजे मुलाच्या घरी ते तोडावे. विमानतळावर कधीही तोडू नये.

सगळा प्रवास एका तिकिटावर असला की पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकल्यास तुम्हाला त्यानंतरच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी ठरता आणि तुमचे पैसे बुडतात. भाच्याच्या आखणीतला परतीचा दिवस नेमका असा आहे. गॅटविक लंडनच्या दक्षिणेला आणि हीथ्रो पश्चिमेला. पासपोर्टची रांग, पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगांची वाट, रस्त्याने तास-सव्वा तासाचा प्रवास आणि हीथ्रोला पुन्हा बॅगा देऊन सुरक्षा तपासणी, हे सगळे दुपारच्या विमानाआधी करायचे म्हटले तर अटलांटिकवरचे विमान दोन तास उशिरा आले तरी सारे गणित कोसळते. अशा वेळी ऐनवेळचे लंडन–मुंबई एकेरी तिकीट दोघांसाठी काढावे लागले, तर आधीची सगळी बचत त्यातच जाईल.

एकेरी तिकिटांविषयी आणखी एक गोष्ट भाच्याला सांगा. जुन्या, पूर्ण सेवेच्या कंपन्यांकडे अटलांटिकवरचे एकेरी भाडे हे परतीच्या भाड्याच्या निम्मे नसते. पुष्कळदा ते परतीच्या भाड्याच्या जवळ जाते आणि कधी कधी त्याहूनही जास्त भरते. स्वस्त कंपन्या एकेरी भाव निम्म्याने लावतात हे खरे, परंतु त्यात बॅग, आसन आणि जेवण यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. मग परतीचे तिकीट घेऊन नको असलेला टप्पा सोडून द्यावा अशी युक्ती काही जण सुचवतात. ती करताना हे ध्यानात असू द्यावे की एका तिकिटावरचा आधीचा टप्पा तुम्ही न सांगता सोडलात तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

अटलांटिकपार स्वस्तात जाण्याची धडपड जुनी आहे आणि तिचा इतिहास तुम्हाला आवडेल. आइसलँडची लॉफ्टलेइदिर ही कंपनी विमान कंपन्यांच्या संघटनेबाहेर राहून १९५० आणि १९६०च्या दशकांत अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये कमी भाड्यात माणसे नेत असे, आणि आजच्या आइसलँडएअरची थांब्याची सवलत त्याच परंपरेतली आहे. ब्रिटनमध्ये फ्रेडी लेकर यांनी १९७७ साली लंडन–न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ ५९ पौंडांत सुरू केली आणि १९८२च्या फेब्रुवारीत त्यांची कंपनी बुडाली. आइसलँडची वॉव मार्च २०१९मध्ये बंद पडली आणि त्याच देशाची प्ले सप्टेंबर २०२५मध्ये. नॉर्वेजियनने जानेवारी २०२१मध्ये लांब पल्ल्याची उड्डाणे थांबवली. या महासागरावर स्वस्त कंपन्या येतात आणि जातात. त्यांचे तिकीट घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण घेतलेच तर क्रेडिट कार्डाने घ्यावे, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे पैसे परत मागता येतात, आणि त्या तिकिटावर दुसरे महागडे तिकीट त्याच दिवशी अवलंबून ठेवू नये.

आता माझी सूचना. तिकिटाच्या पोटात तिकीट ठेवा. बाहेरचे तिकीट मुंबई–लंडन–मुंबई असे साधे परतीचे, शक्यतो थेट विमानाचे. त्याच्या आत लंडन–बॉस्टन–लंडन हे दुसरे परतीचे तिकीट, ज्यात वाटेत तीन-चार रात्रींचा थांबा असेल. या दोन तिकिटांचा सांधा दोन्ही वेळा मुलाच्या घरी येतो. जाताना तिथे आठ-दहा दिवस आणि येताना किमान तीन-चार दिवस राहिलात, तर बॉस्टनचे विमान एक दिवस उशिरा आले तरी मुंबईचे विमान चुकत नाही, आणि नातवंडे असतील तर त्यांनाही दोनदा भेटणे होते. वेगळ्या तिकिटांतला धोका अशा रीतीने जवळपास संपतो आणि स्वस्त भाड्याचा फायदा मात्र हाती राहतो. ब्रिटनचा नेहमीचा पाहुण्यांचा व्हिसा त्याच्या मुदतीत अनेकदा प्रवेश देतो, त्यामुळे लंडनला दुसऱ्यांदा उतरण्यास अडचण नाही.

या रचनेत एक खर्च वाढतो आणि तो लपवणे योग्य नव्हे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. तिथे येणाऱ्यावर तो नाही. १ एप्रिल २०२६पासून इकॉनॉमी वर्गाच्या प्रौढ प्रवाशाला २,००१ ते ५,५०० मैलांच्या गटासाठी तो १०२ पौंड आहे. अंतर त्या देशाच्या राजधानीपर्यंत मोजतात, त्यामुळे मुंबई काय आणि बॉस्टन काय, दोन्ही याच गटात पडतात, आणि आधी बॉस्टन आणि मग लंडन असा क्रम बदलूनही करात फरक पडत नाही. एजंटाच्या तिकिटात तुम्ही ब्रिटनमधून एकदाच निघता, माझ्या रचनेत दोनदा. म्हणजे तुम्हा दोघांवर हा कर एकदा जास्त बसतो. मात्र वाटेत २४ तासांहून मोठा थांबा असेल तर अंतर त्या थांब्याच्या देशापर्यंतच मोजतात, त्यामुळे त्या खेपेला रक्कम कमी पडते. हा कर दाखवलेल्या भाड्यातच धरलेला असतो, तेव्हा वेगळा भरावा लागणार नाही, पण लंडनहून निघणारी तिकिटे एका मर्यादेखाली का उतरत नाहीत याचे एक कारण हे आहे.

म्हणून एजंटाकडून तीन भाव लेखी मागा : त्याचे मूळ तिकीट, मुंबई–लंडन परतीचे आणि लंडन–बॉस्टन परतीचे. प्रत्येकात एका माणसाला २३ किलोच्या किती बॅगा मिळतात हे विचारा, कारण भारत–अमेरिका तिकिटावर पुष्कळदा दोन बॅगा मिळतात, तर लंडन–बॉस्टनच्या सर्वांत स्वस्त भाड्यात फक्त हातातली बॅग असते. शेवटच्या दोन भावांची बेरीज, बॅगांचे पैसे आणि थांब्याचा खर्च मिळून पहिल्या भावाच्या वर फारसे गेले नाही, तरच माझी रचना घ्या. फरक मोठा निघाला तर एजंटाचे तिकीट घ्यावे, त्यात कमीपणा नाही. तेही पक्के तिकीट आहे, फक्त त्यात अटलांटिकच्या वाटेवरचा मुक्काम नाही.

मोसमाच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे. जून ते ऑगस्ट आणि नाताळाचे दिवस हा अटलांटिकवरचा सर्वांत महाग काळ असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भाडी सहसा उतरतात. विमानातल्या जागेचा भाव हापूसच्या पेटीसारखाच आहे, आसन तेच असते आणि महिना बदलला की रक्कम बदलते. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. त्यानंतर लगेच पितृपक्ष लागतो, तेव्हा घरच्या म्हाळाची तिथी लवकरची असेल तर ती उरकूनच निघा. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी मुंबई सोडलीत तर ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास बॉस्टनला पोहोचता येईल, आणि त्या भागातली झाडे लाल-पिवळी होण्याचे दिवस नेमके तेच आहेत. १२ ऑक्टोबरच्या सोमवारी अमेरिकेत सुट्टी असते आणि त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी तिथली हॉटेले महागतात. मुलीकडे पोहोचण्यासाठी त्यानंतरचा मंगळवार किंवा बुधवार धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते, तेव्हा लंडनहून निघणारी विमाने महाग होतात. परतताना २६ नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा टाळून त्याच्याही आधी बॉस्टन सोडा. म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही बागेत असाल.

तिकीट मंगळवारी रात्री काढले की स्वस्त मिळते, असे पुष्कळ ऐकू येते. त्यात अर्थ नाही. काढण्याच्या वारापेक्षा उडण्याचा वार महत्त्वाचा असतो, आणि शुक्रवार-रविवारपेक्षा आठवड्याच्या मधले दिवस सहसा हलके पडतात. एक बारीक गोष्ट मात्र उपयोगाची आहे. कंपनी एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकते. स्वस्त गटात एकच जागा उरलेली असताना तुम्ही दोन मागितल्यात तर संगणक दोन्ही जागा वरच्या गटाच्या भावाने दाखवतो. म्हणून आधी एका प्रवाशासाठी भाव पाहावा, मग दोघांसाठी. फरक दिसला तर काही दिवस थांबावे किंवा शेजारचा वार पाहावा. गूगल फ्लाइट्सवर तारखा टाकून भाव बदलल्याची सूचना मागता येते. भाव तिथे पाहावा आणि तिकीट मात्र कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा तुमच्या ओळखीच्या एजंटाकडे काढावे. अनोळखी संकेतस्थळावर पाचशे रुपये वाचतात आणि तारीख बदलायची वेळ आली की फोन उचलायला कोणी नसते. अमेरिकी नियमानुसार तिथे जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचे तिकीट कंपनीकडून थेट आणि प्रवासाच्या किमान सात दिवस आधी घेतले असेल, तर २४ तासांच्या आत ते रद्द करून पूर्ण पैसे परत मिळण्याची सोय असते. काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता २४ तास भाव धरून ठेवतात.

आता थांब्याकडे वळतो, कारण ‘फुकट’ या शब्दाने भाचा भुलला आहे. विमानसेवेच्या व्यवहारात आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांपेक्षा कमी वेळ मध्ये काढला तर तो केवळ विमान बदलणे समजला जातो आणि त्याहून जास्त झाला तर थांबा. थांबा घेतला की सर्वसाधारणपणे भाडे वाढते. आइसलँडएअर रेक्याविकला सात दिवसांपर्यंत आणि पोर्तुगालची टॅप लिस्बन किंवा पोर्तूला दहा दिवसांपर्यंत थांबू देते, ते विमानभाडे न वाढवता. फुकट असते ते एवढेच. हॉटेल, जेवण आणि व्हिसा तुमचा. आइसलँड आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांत आहेत आणि भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे तर शेंगेन व्हिसा हवाच. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा व्हिसा त्यासाठी चालत नाही. त्याचे शुल्क प्रौढाला ९० युरो, म्हणजे दोघांचे १८० युरो, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क, आणि किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा. हा अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा असतो, म्हणून लंडनला गेल्यावर पाहू असे म्हणून चालणार नाही.

व्हिसांचा क्रमही आताच ठरवा, कारण अर्जाच्या वेळी पासपोर्ट काही दिवस हातातून जाऊ शकतो. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला सर्वांत जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा तो अर्ज प्रथम, मग ब्रिटनचा, आणि हे दोन्ही हाती आल्यावर शेंगेन, जो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आधीचे दोन व्हिसा हाती असले की तुम्ही पुढे जाणार आहात हे पटवून देणे सोपे जाते. लंडन–बॉस्टनचे परत न होणारे तिकीट शेंगेन व्हिसा मिळेपर्यंत काढू नका आणि हॉटेलही रद्द करता येईल असेच धरा.

आइसलँड की लिस्बन, यावर माझे मत स्पष्ट आहे. आइसलँड अद्भुत देश आहे. विमानतळापासून राजधानी ५० किलोमीटरच्या आत आहे, आणि ज्या थिंगवेत्लिर येथे इसवी सन ९३०च्या सुमारास त्यांची लोकसभा प्रथम भरली, तिथेच उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकल्याच्या खुणा डोळ्यांनी दिसतात. परंतु तिथे हॉटेल, जेवण आणि सहली या सर्वांचेच भाव चढे आहेत, आणि शरद ऋतूतला तिथला पाऊस आडवा येतो, ज्याच्यापुढे मृगात वापरलेली छत्रीही टिकत नाही. ज्यांना उत्तर ध्रुवीय प्रकाशच पाहायचा आहे त्यांनी सप्टेंबर ते एप्रिलच्या दरम्यान जरूर जावे, मात्र आकाश ढगाळ असेल तर रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवून. तुमच्यासाठी मी लिस्बन सुचवीन, आणि तेही जाताना.

जाताना म्हणण्याचे कारण असे. ऑक्टोबरच्या आरंभी लिस्बनची हवा उबदार आणि बरीचशी कोरडी असते. नोव्हेंबरात तिथे पाऊस सुरू होतो. लंडन आणि लिस्बन यांचे घड्याळ एकच असल्याने शरीराला काही जुळवून घ्यावे लागत नाही. पुढचे लिस्बन–बॉस्टन विमान पश्चिमेकडे जाते आणि अशी विमाने बहुतेक दिवसाच उडतात. याउलट अमेरिकेहून पूर्वेकडे येणारी बहुसंख्य विमाने रात्रीची असतात, आणि रात्रभर जागून पहाटे सहाला परक्या शहरात उतरल्यावर दुपारी दोन-तीनपर्यंत हॉटेलची खोली मिळत नाही. थांब्याचा पहिला दिवस असा वाया गेला की मग मुक्कामाला अर्थ राहत नाही.

तीन किंवा चार रात्री पुरेत. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची तांबडी मार्गिका थेट तिथून निघते. बॅगा जड असतील तर टॅक्सी करा, अंतर कमी असल्याने ती परवडते. एक पूर्ण दिवस बेलेम या नदीकाठच्या भागाला द्या. १४९७च्या जुलैत वास्को द गामा इथूनच निघाला, आणि इथल्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. मठाच्या पश्चिमेकडच्या भागात नौकानयनाचे संग्रहालय आहे. विजयदुर्ग ज्याने मुलांना शिकवला, त्याला तिथली जहाजांची प्रतिरूपे आणि नकाशे पाहायला अर्धा दिवस पुरणार नाही, असे मला वाटते. चौलच्या खाडीत १५०८ साली पोर्तुगीज आरमाराचा झालेला पराभव, १५२१ साली तिथे त्यांनी बांधायला घेतलेला कोट आणि १७४० साली रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे येणे ही आपल्या बाजूची गोष्ट आपण जाणतो. तिची दुसरी बाजू ज्या गावाहून सुरू झाली ते गाव पाहणे इतिहासाच्या शिक्षकाला कुठल्याही गरम पाण्याच्या झऱ्यापेक्षा मोलाचे ठरावे. मठ सोमवारी बंद असतो, तेव्हा वार पाहून जा.

दुसरा दिवस जुन्या शहराला. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झाले आणि बायशा हा मधला भाग त्यानंतर सरळ रेषांत नव्याने वसवला गेला. वरच्या अंगाला कार्मो मठाचे छप्पर नसलेले चर्च तसेच ठेवले आहे. चढ-उतार पुष्कळ आहेत आणि पदपथांचे गुळगुळीत दगड ओले झाले की पाय घसरतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला. २८ क्रमांकाची जुनी ट्राम प्रसिद्ध आहे, पण तिच्या गर्दीत खिसेकापू असतात. तिसऱ्या दिवशी काइश दु सोद्रे स्थानकावरून निघून समुद्राकाठाने सुमारे ४० मिनिटांत कश्काइशला पोहोचणारी लोकल गाडी घ्या. तिथल्या रेल्वेत ६५ वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे पडते. पासपोर्ट जवळ ठेवा.

जेवणाची तुम्हाला चिंता नाही, कारण तिथला माणूस मासे आणि भात दोन्ही खातो. दुपारी छोट्या खाणावळीत त्या दिवसाचे ठरावीक ताट मागितले तर रात्रीच्या निम्म्या खर्चात पोट भरते. एक सावधगिरी : तुम्ही न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आणून ठेवतात आणि खाल्ले तर त्याचे पैसे लावतात, नको असेल तर हात न लावता परत द्यावे, त्यात कोणाला राग येत नाही. हॉटेलच्या बिलात दर माणशी दर रात्री ४ युरो शहराचा कर वेगळा येतो. कार्डाने पैसे देताना यंत्रावर रुपयांचा पर्याय दिसला तर तो नाकारून युरोच निवडा, नाहीतर विनिमयाचा दर दुकानदाराच्या बँकेच्या मर्जीचा लागतो. आणि शेंगेन हद्दीत येता-जाता आता बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतात, तेव्हा निघायच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोहोचा.

शेंगेन व्हिसा मिळाला नाही किंवा वेळेत आला नाही, तर डब्लिनचा पर्याय आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन आणि आयर्लंड यांची सामाईक व्हिसा योजना) असा शेरा असेल तर आधी ब्रिटनमध्ये उतरून पुढे आयर्लंडला वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते; तुमचा व्हिसा हाती आल्यावर ते तपासा. तिथून अमेरिकेला जाताना पासपोर्ट आणि कस्टम्सची तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच होते आणि बॉस्टनला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. आयर्लंडच्या एअर लिंगस कंपनीच्या संकेतस्थळावर मल्टि-सिटी (अनेक शहरांच्या) पद्धतीने लंडन–डब्लिन, डब्लिन–बॉस्टन आणि परत, असा शोध घेऊन भाव पाहा. शहर सपाट आहे, पाऊस मात्र भुरभुरत असतो.

सामानाविषयी वहिनींना वेगळे सांगतो. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, कुळथाचे पीठ यांना सहसा अडचण येत नाही. पण ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोन्हीकडे भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याच्या करंज्या घरीच ठेवाव्यात. अमेरिकेत उतरताना जवळचे सगळे खाद्यपदार्थ विचारताच सांगून टाकावेत. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो. एजंटाचे आखातामार्गे तिकीट घेतलेत तर मालवणी मसाला खसखस न घालता करून घ्या, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणे हा गुन्हा आहे आणि विमान बदलणाऱ्यालाही तो लागू होऊ शकतो. आणि थांब्यावर बॅगा आपल्या ताब्यात येतात, हे विसरू नका. लिस्बनच्या चढावर दोघांच्या चार बॅगा ओढण्यापेक्षा एकेकच नेलेली बरी.

राहिला घरापासून मुंबईपर्यंतचा प्रवास, ज्याचा विचार लोक शेवटी करतात. सप्टेंबरअखेरीस कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असते, गाड्या कमी वेगाने धावतात, आणि गणपती आटोपून परतणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी त्याच दिवसांत असते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळीच कणकवलीहून तिकीट काढा आणि विमानाच्या किमान एक दिवस आधी मुंबईत पोहोचून नातलगांकडे मुक्काम करा. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवून दोघांसाठी व्हीलचेअरची मदतही मागून ठेवा. ती सहसा विनामूल्य असते, आणि चालत्या-फिरत्या माणसांनाही हीथ्रोवरच्या लांब वाटा आणि पासपोर्टच्या रांगा यांतून ती बराच वेळ वाचवून देते.